बाळाला प्रवेश नाही

सहाव्या महिन्यात तिने मुलीची खेळायची लाल रिंग डोक्यातून अंगात घातली, ती रिंग कुठेही न अडता थेट पायापर्यंत उतरली, आणि तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली. पोटापाशी चार बोटं जागा उरली होती. तिने ती स्वतःच्या बोटांनी मोजून पाहिली, समाधानाने मान हलवली, रिंग वर्तमानपत्रावर ठेवली आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवली. हे पुठ्ठ्याच्या घराचं दार झालं. घरात टेप नव्हता असं नाही, चांगले दोन होते. पण ती जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून होती. दिवसभर दुसऱ्यांनी टेप लावून आणलेली मापं उतरवून उतरवून तिचा टेपावरचा विश्वासच उडाला होता. स्वतःच्या अंगावर घेतलेलं माप चुकत नाही, असं तिचं ठाम मत होतं. अंगच बदलत असेल तर काय, हा प्रश्न तिला पडला नाही. सहा महिन्यांच्या पोटुशी बाईला हा प्रश्न पडू नये याचं नवल वाटतं खरं, पण ज्याचं त्याला दिसत नाही हेही तितकंच खरं आहे.

घर हवं होतं ते मुलीला. मुलगी सहा वर्षांची. तिच्या हुकमी स्वभावामुळे घरात तिला साहेबीण म्हणत. बाळ येणार हे कळल्यापासून साहेबीण सगळं बघत होती. खोलीतल्या तिच्या कोपऱ्यात पाळणा येणार असं ठरलं, तिच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा झाला, तिचे लहानपणीचे झबल्या-टोपड्यांचे गठ्ठे माळ्यावरून खाली उतरले आणि ‘बाळाचे’ झाले. मग एका संध्याकाळी ती आपले रंगीत खडू, पाण्याची बाटली आणि एकच मोजा घेऊन जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. कोणी विचारलं तेव्हा म्हणाली, इथे अजून जागा आहे, मी आता इथे राहते.

सगळे हसले. आईही हसली, कारण हसण्यात ती कोणाला हार जायची नाही. पण हसून झाल्यावर तिची नजर त्या एकाच मोज्यावर गेली. ती कशीबशी टेबलाखाली वाकली आणि तिने शब्द दिला. मी तुला खरंखुरं घर करून देते, त्यात आपण दोघीच, आणि बाळ यायच्या आधी एक अख्खी दुपार आपण दोघींनी त्यात बसायचं. साहेबिणीने बाळाचं काय ते विचारलं. बाळाला प्रवेश नाही, आई म्हणाली. साहेबिणीने ते तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि स्वतः गोंद लावून भिंतीला चिकटवलं. आता माघार नव्हती.

तसं पाहिलं तर तिच्या कलाकुसरीला घरातले लोक थोडे वचकूनच असत. नवऱ्याची पँट त्याने टाकायला काढायच्या आधीच तिची उशी झालेली असायची. एकदा तर तो ती पँट शोधत त्याच उशीवर बसला होता. सासूबाई आपली जुनी साडी धुवायला टाकताना ‘ही अजून नेसायची आहे’ असं दोनदा बजावून सांगत. तेव्हा पुठ्ठ्याचं घर म्हटल्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. उलट, पुठ्ठाच आहे, सुटलो, असाच सगळ्यांचा चेहरा होता.

पुठ्ठा मिळता मिळता पंधरा दिवस गेले. फ्रिजच्या दुकानदाराने खोकं देईन म्हणून सांगितलं, पण फ्रिजसकट. शेवटी वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी भलंमोठं कपाट आलं आणि त्याची दोन खोकी तिने जिन्यातच गाठली. मग मैद्याची खळ शिजायला लागली. पुठ्ठ्यावर रद्दीचा थर, त्यावर खळ, त्यावर पुन्हा रद्दी, असे पाच-पाच थर. नवऱ्याने एका संध्याकाळी ही खळ सूप समजून वाटीत वाढून घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाला. एरवी स्वयंपाकाला तो तेवढीही दाद देत नाही.

गोल दाराची कड मात्र तिची खास कामगिरी होती. पुठ्ठ्याला चिरा देऊन पाकळ्या करायच्या, त्या दुमडायच्या आणि वरून कागदाने जाम करायच्या. तिने त्या बाहेर दुमडल्या होत्या. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. काकूंना चार मुलं, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याला धार होती. वाकू नये, बसून राहू नये, जास्त झोपू नये, अजिबात जागू नये, हे सगळं त्या एका दमात सांगत आणि तिच्या पोटावर हात ठेवून आतल्यालाही सांगत. त्यांनी दार पाहिलं आणि म्हणाल्या, बाहेर आलेल्या या कडा पोरीच्या गालाला लागतील, आत वळव. तिला ते पटलं. तिने सगळ्या पाकळ्या सोडवून आतल्या बाजूला तिरक्या वळवल्या आणि दोन थर जास्तीचे दिले. मासे धरायच्या टोपलीचं तोंड असंच असतं, हे सांगायला तिथे कोणी कोळी हजर नव्हता.

भिंती वाळायला म्हणून तिने समोरच्या सामाईक गॅलरीत उभ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. ‘सामाईक जागेत विनापरवाना बांधकाम.’ सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ होते. सबंध हयात त्यांनी एका सरकारी खात्यात लोकांना परत पाठवण्यात घालवली होती आणि आता ते कसब वाया जाऊ नये म्हणून सोसायटीकडे लक्ष देत. ते खेळातलं घर आहे असं तिने समजावून सांगितलं. घर म्हणजे बांधकामच, वहिनी, ते शांतपणे म्हणाले. मग अर्ज. अर्जासोबत नकाशा. कमिटीची बैठक दोनदा बोलावली गेली आणि दोन्ही वेळा माणसं पुरी न भरल्याने मोडली. तिसऱ्या बैठकीत परवानगी मिळाली, पण अटी घालून. खळीने झुरळं होतात, तेव्हा आतून-बाहेरून ऑइलपेंट लावावा. छप्पर पक्कं बसवावं. खिडक्या तळहातापेक्षा मोठ्या नसाव्यात. क्षमता एक मूल व एक प्रौढ व्यक्ती, त्याहून जास्त नाही. नकाशासाठी तिला टेप काढावाच लागला. तिने नाक मुरडत घराची लांबी-रुंदी मोजली आणि दाराच्या रकान्यात मात्र ‘रिंगप्रमाणे’ असं लिहून दिलं.

त्याच सुमाराला तिच्या कचेरीत तिची रजा अडली. बाळंतपणाच्या रजेच्या फॉर्मात अपत्याचं नाव असा रकाना होता आणि तो कोरा सोडायची सोय नव्हती. तिने ‘अद्याप यायचं आहे’ असं लिहिलं. हे नाव नसून शेरा आहे, म्हणून फॉर्म परत. मग तिने रेघ मारली. रेघ मारलेला फॉर्म रद्द समजतात, म्हणून तोही परत. कचेरी तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, त्यामुळे प्रत्येक फॉर्ममागे शंभराच्या वर पायऱ्या. तिसऱ्यांदा ती वर पोचली तेव्हा धापा टाकत हेडक्लार्कसमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, रजा मिळेपर्यंत नाव ठेवायलाच काय, नावाने सही करायलासुद्धा बाळ स्वतःच येईल. हेडक्लार्क हसले नाहीत. सही कोणत्या रकान्यात करायची ते पाहायला त्यांनी नियमावली उघडली.

या सगळ्यात अडीच महिने उलटले. पोट मात्र कोणाच्या मंजुरीसाठी अडून राहिलं नाही. ते रोज वेळेवर हजर होतं आणि रोज थोडं पुढे सरकत होतं.

शेवटी नवव्या महिन्यातल्या एका शनिवारी घर उभं राहिलं. हॉलच्या निम्म्या भागात पिवळ्या भिंती, हिरवं छप्पर, दोन चिमुकल्या खिडक्या आणि मधोमध ते गोल दार. पाच थर आणि दोन हात ऑइलपेंटने ते इतकं टणक झालं होतं की टिचकी मारली तर लाकडासारखं वाजायचं. शाळेतून अर्ध्या दिवसाने परतलेली साहेबीण दप्तर टाकून आत शिरली. आतून तिने सतरंजी पसरल्याचा, बिस्किटांचा डबा ठेवल्याचा आवाज आला. मग तिने आईला हाक मारली.

आई गुडघ्यांवर बसली, हात पुढे केले आणि डोकं आत घातलं. खांदे गेले. छाती गेली, जराशी कुरकुर करत. आणि मग पोट आलं, आणि तिथेच सगळा कारभार थांबला. ती चार बोटं केव्हाच खर्च झाली होती, वर ओंजळभर उधारी झाली होती. तिचं तोंड एवढंसं झालं. सबंध इमारतीत कसबी हाताची म्हणून ती नावाजलेली, आणि स्वतः केलेल्या दारात स्वतःच मावत नाही. आत अंधूक पिवळ्या उजेडात मुलीचा चेहरा दिसत होता.

साहेबिणीने परिस्थितीची नीट पाहणी केली. मग ती म्हणाली, बरंच झालं, नाहीतरी बाळाला प्रवेश नाहीच आहे. तुझं हे एवढं आत येऊ दे, ते बाहेर राहू दे.

नियम म्हणजे नियम. तेव्हा तिचं डोकं, दोन्ही हात आणि छाती आत, पोट आणि पाय बाहेर, अशी वाटणी झाली. आत उशी होती, ती तिने हनुवटीखाली घेतली. दोघींनी एकेक बिस्किट खाल्लं. पाच-दहा मिनिटं बरी गेली. मग तिचे गुडघे दुखायला लागले, कंबर भरून आली आणि जरा बाहेर येते म्हणून ती मागे सरकली. पाकळ्यांनी तिला धरलं. आत येताना ज्यांनी वाट करून दिली त्याच आता काखेत आणि गाऊनच्या चुण्यांत रुतून बसल्या. ती पुढे जाईना, मागे येईना. दोनदा जोर लावल्यावर घरच तिच्याबरोबर हॉलभर सरकायला लागलं. साहेबिणीला ते फार आवडलं.

तिने सासूबाईंना हाक मारली. आतल्या भिंतींनी ती हाक तिच्याच कानात परत दिली. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी सुनेचा मागचा भाग तेवढा पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पाय धरून ओढून पाहिलं. मग काकूंना बोलावलं. काकूंनी तेल लावा म्हटलं, पण ते कुठे लावायचं यावर दोघींचं एकमत होईना. सासूबाईंनी तांब्याभर पाणी ओतलं, म्हणजे खळ तरी भिजून सुटेल. ऑइलपेंटवरून ते पाणी मजेत ओघळलं आणि थेट तिच्या गाऊनमध्ये उतरलं. झुरळांसाठी केलेली तजवीज अशी अंगाशी आली.

तोवर फ्लॅटचं दार उघडंच राहिल्याने सेक्रेटरी आले. तिला ते दिसत नव्हते, पण त्यांच्या चपलांचा आवाज ओळखू आला आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं, कारण आपण त्यांना कोणत्या बाजूने दिसत असणार हे तिला ठाऊक होतं. त्यांनी परवानगीचा कागद मागवला, वाचला आणि क्षमता एक मूल व एक प्रौढ अशी असून सध्या आत दीडच माणसं असल्याने अटींचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा दिला. काकूंनी लगेच पोटातल्याचं काय असं विचारलं. ते बाहेर असल्याने क्षमतेत धरायचं कारण नाही, असं त्यांनी सांगितलं. ही चर्चा तिच्या कंबरेवरून चालली होती. एरवी ती या दोघांना असं काही ऐकवून गेली असती की आठवडाभर जिन्यात हशा पिकला असता. आता तिला फक्त रडावंसं वाटत होतं, आणि तेही धड जमत नव्हतं, कारण नाक पुसायला रुमाल बाहेरच्या खिशात होता.

नवऱ्याला कचेरीत फोन गेला. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी डाव्या कुशीवर वळायला आणि पोटाखाली मऊ काहीतरी घ्यायला सांगितलं, दुखलं तर ताबडतोब कळवा म्हणाल्या, आणि घर कशाचं आहे हे दोनदा विचारून घेतलं. नवऱ्याने मग फोनवरच सुतार गाठला. सुतार चारच्या आत यायला तयार नव्हता.

ती डाव्या कुशीवर वळली. बाहेर तिच्या पोटाखाली कोणीतरी उशी सरकवली. तीच ती पँटची असावी, बटण टोचत होतं. दोन वाजत आले होते. बाहेर तिच्या पायांशी काकू आपल्या चारही बाळंतपणांच्या हकिगती क्रमाने सांगत होत्या, सासूबाई चहा टाकत होत्या. आत पिवळा, शांत उजेड होता. साहेबिणीने आईचे केस सोडले आणि फणीने विंचरायला घेतले. मग तिने शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलीशी कट्टी का आहे ते सुरुवातीपासून सांगितलं. मध्येच बिस्किट आईच्या तोंडात भरवलं, चुरा स्वतः झाडला. वर्षभरात आईने एवढं कधी ऐकून घेतलं नव्हतं. ऐकता ऐकता स्वयंपाक असायचा, कचेरीची वेळ असायची, खळ लागायला आलेली असायची. आता ऐकण्यावाचून दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

तरी तिचं अर्धं लक्ष बाहेरच होतं. तिला सुटायचं होतं. पाठ मोडून आली होती, आतलं बाळ लाथा मारत होतं आणि अजून सुतार का येत नाही म्हणून ती दर पाच मिनिटांनी ओरडून विचारत होती. इतक्या महिन्यांचं काम आणि इतकी फजिती. संध्याकाळपर्यंत ही कथा सगळ्या इमारतीत होणार आणि सोमवारी कचेरीत पोचणार, हे तिला दिसत होतं.

चार वाजता सुतार आला. त्याने भिंतीवर टिचकी मारली, कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, हे काम कोणी केलंय. सासूबाईंनी जमिनीकडे बोट दाखवलं असावं. काम एकदम पक्कं आहे, तो म्हणाला. इतक्या तासांत कोणी तिच्याबद्दल बरा शब्द काढला तो हा पहिलाच. मग त्याने सांगितलं की समोरची सगळी भिंत कापावी लागेल, आणि ती कापल्यावर वरचं छप्पर काही राहणार नाही. घर जाणार.

आत ते दोघींनीही ऐकलं. साहेबिणीचा विंचरणारा हात थांबला. सुताराने पिशवीतून करवत काढल्याचा आवाज तिने ऐकला, आईच्या तोंडाशी तोंड आणलं आणि हळूच विचारलं,

“आई, बाळ रडलं आणि मी पण रडले, एकदम, तर तू आधी कुणाकडे येशील?”

तिच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. दोघांना एकेका काखेत घेईन. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे. बाबाला पाठवीन आणि मीच रडत बसेन. एकेका उत्तरावर मुलगी हसली असती. पण मुलगी बोटभर अंतरावर होती, हसायच्या तयारीत नव्हती, आणि आईला तोंड फिरवायलाही जागा नव्हती.

“बाळाकडे,” ती म्हणाली. “ते लहान असेल ना. त्याला थांबता येणार नाही.”

साहेबिणीने मान हलवली. हे उत्तर तिला बहुतेक आधीच माहीत होतं. तिने फणी डब्यावर ठेवली, नीट, दाते खाली करून.

“मग मी आत्ताच रडून घेते,” ती म्हणाली.

आणि तिने आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडायला सुरुवात केली. ती हट्टाने रडत नव्हती, आवाज करून तर नाहीच. गेले कित्येक महिने कोपरा गेला तेव्हा, कप्पा गेला तेव्हा न रडलेलं सगळं ती सावकाश, एकेक करून रडत होती. आईचे दोन्ही हात आत होते. तिने ते दोन्ही मुलीभोवती टाकले आणि घट्ट धरलं. बाहेर बाळाने जोरात लाथ मारली. तिला ती कळली, पण ती बाहेरची गोष्ट होती.

करवत पुठ्ठ्याला टेकली आणि पहिल्या घासाबरोबर सगळं घर थरथरलं.

“सुतारदादा,” आई आतून ओरडली, “थांबा.”

करवत थांबली. दुखायला लागलं का, काकूंनी विचारलं. पाय बधिर झाले का, सासूबाईंनी विचारलं. आता नेमकी अडचण काय आहे, ते सेक्रेटरींनी विचारलं.

“अडचण काही नाही,” ती म्हणाली. “आमचं अजून व्हायचंय. तुम्ही चहा घ्या.”

सुताराने करवत भिंतीला टेकवून ठेवली आणि तो खाली बसला. त्याने चहा घेतला. मग दुसरा कपही घेतला.